जुन्या गोव्यातील एका विद्यालयाची कमान

जोयडा तालुक्यातून रामनगर-अनमोडमार्गे घाट उतरून गोव्यास जाणारा प्रवासी जुन्या गोव्यात पोहोचला, म्हणजे तेथील भव्य चर्चांकडेच ओढला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु विद्येच्या इतिहासाविषयी ज्याला आस्था आहे, त्याने त्या गर्दीतून बाजूला होऊन रस्त्याकाठी एकट्याच उभ्या असलेल्या एका कमानीपाशी अवश्य थांबावे. भारतीय पुरातत्त्व खात्याने जतन केलेली ही कमान म्हणजे सोळाव्या शतकातील सेंट पॉल महाविद्यालयाचा उरलेला दर्शनी भाग होय.

भिंत जांभ्या दगडाची. प्रवेशद्वाराच्या दोहो बाजूंस काळ्या पाषाणाचे, पानांनी वेढलेल्या शीर्षांचे स्तंभ. वर कोनाडा आणि माथ्यावर क्रूस. जांभा पावसाने झिजतो, काळा पाषाण मात्र आपली रेघ सहसा सोडत नाही, हे येथे जवळून पाहता येते. कमानीतून आत जावे, तर ना दालन, ना प्रांगण.

१५४१ साली या संस्थेची स्थापना झाली, तेव्हा तिचा खर्च कोठून चालावा हा प्रश्न ज्या रीतीने सोडविण्यात आला, ती रीत कोणत्याही मार्गदर्शकाने पर्यटकांपासून झाकून ठेवू नये. तिसवाडीतील देवळे पाडली गेल्यावर, देवाच्या पूजेसाठी आणि दिवाबत्तीसाठी पूर्वजांनी तोडून दिलेल्या इनाम जमिनींचा महसूल या नव्या धर्मसंस्थांकडे वळविण्यात आला. आपले देव घेऊन वाडवडील गोव्यातून घाटावर आले, ही हकिकत आजही जोयडा-सुप्याकडच्या कित्येक घरांत सांगितली जाते. त्या घरांतील माणूस या कमानीसमोर उभा राहिला, तर त्याच्या मनात केवळ कौतुक कसे उमटावे?

तथापि त्याच भिंतींच्या आत जे घडले, त्याचे मोलही नाकारता येत नाही. येथे कानडी, मलबारी, सिंहली, हबशी अशा नाना देशींची मुले एकत्र शिकत. अंजिरो नावाचा जपानी गृहस्थही १५४८ साली येथे दाखल झाला. पुढे १५५६ च्या सप्टेंबरात, अबिसीनियास जाण्यासाठी निघालेले एक मुद्रणयंत्र गोव्यातच राहिले आणि हिंदुस्थानातील पहिला छापखाना या महाविद्यालयात सुरू झाला. नागरी लिपीचे खिळे मात्र त्याला लाभले नाहीत. म्हणूनच १५७९ साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांत रचलेले क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठी भाषेच्या एवढ्या थोर भक्ताला आपला ग्रंथ तिच्या लिपीत पाहता आला नाही, याची हळहळ मला प्रत्येक वेळी नव्याने वाटते.

साथीच्या रोगांनी महाविद्यालयाची ही जागा राहण्यास अयोग्य ठरविली. १६१० च्या सुमारास विद्यालय टेकडीवरील नव्या इमारतीत गेले, १७५९ मध्ये ते चालविणाऱ्या जेझुइटांची गोव्यातून हकालपट्टी झाली, आणि एकोणिसाव्या शतकात जुनी वास्तू पाडून तिचे दगड पणजीच्या बांधकामास नेण्यात आले.

ज्याच्यापाशी आणखी अर्धा दिवस असेल, त्याने येथून साष्टीतील रायतूरास जावे. तेथील धर्मविद्यालय अद्याप चालू आहे. क्रिस्तपुराण ज्या गावी छापले गेले, तेथे आजही विद्यार्थी शिकत आहेत.