ऊसतोड कुटुंबांतील किशोरवयीनांचे आरोग्य आणि पर्यायी शिक्षण

नित्याच्या शाळेच्या चौकटीत जे विद्यार्थी टिकू शकत नाहीत, त्यांच्यासाठी केलेल्या निराळ्या व्यवस्थेस सामान्यतः 'पर्यायी शिक्षण' असे म्हणतात. या व्यवस्थेचे मूल्यमापन बहुधा पट आणि हजेरी यांवरून होते. विद्यार्थ्याच्या आरोग्याचा विचार क्वचितच होतो. झाला तरी तो दुपारच्या आहारापुरताच राहतो. मराठवाड्यातील ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी आजवर झालेले प्रयत्न तपासून पाहिले असता ही उणीव किती गंभीर आहे, हे ध्यानी येते.

दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या कोरडवाहू गावांतून मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोडीस 'कोयता' असे म्हणतात. माणसांचा हिशेबच हत्याराच्या नावाने होतो. गळिताचा हंगाम पाच-सहा महिने चालतो. तळावरच्या कोपीत पुरेसे पाणी नसते, आडोसा नसतो. आईबाप पहाटेच फडात जातात आणि पाणी आणणे, भाकरी करणे, धाकटी भावंडे सांभाळणे ही कामे दहा-बारा वर्षांच्या मुलीवर येतात.

या मुलांसाठी दोन प्रकारचे उपाय झाले. पहिला उपाय म्हणजे शाळा तळावर नेणे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील 'जनार्थ' या संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात कारखान्यांच्या परिसरात चालविलेल्या साखरशाळा हे त्याचे ठळक उदाहरण होय. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यानंतर मुलांना नजीकच्या नियमित शाळेत दाखल करण्यावर भर आला आणि साखरशाळा मागे पडल्या. दुसरा उपाय म्हणजे मुलांना गावीच ठेवणे. हंगामी वसतिगृहे याच विचारातून निघाली. २०२१ साली शासनाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा वसतिगृह योजना मंजूर केली.

या उपायांची परीक्षा करण्यासाठी न्यूझीलंडमधील एक विचार उपयोगी पडतो. तेथे शाळेपासून दुरावलेल्या १३ ते १६ वर्षे वयाच्या मुलांसाठी पर्यायी शिक्षणाची व्यवस्था असून तीत माओरी मुलांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने पुष्कळच अधिक आहे. माओरी मनोविकारतज्ज्ञ मेसन ड्यूरी यांनी १९८४ मध्ये आरोग्याची कल्पना चार भिंतींच्या घराच्या रूपाने मांडली. देह, मन, आत्मिक श्रद्धा आणि कुटुंब या त्या चार भिंती होत. एक भिंत खचली की घर डळमळते, हा या मांडणीचा गाभा. माओरींचा इतिहास वसाहतवादाचा आहे आणि ऊसतोड मजुरांचा अवर्षण, भूमिहीनता व कर्ज यांचा आहे. तेव्हा दोहोंची सरसकट तुलना योग्य नव्हे. तथापि मोजमापाचे साधन म्हणून ही कल्पना येथेही लागू पडते.

या दृष्टीने पाहता प्रत्येक उपायाने एक भिंत उभारताना दुसरी उघडी टाकलेली दिसते. तळावर मूल आईबापांजवळ राहते, पण अपुरी झोप, उघड्यावरचा निवारा आणि अंगावर पडलेले घरकाम यांनी देह झिजतो. वसतिगृहात जेवण व निवारा मिळतो, पण अर्धे वर्ष कुटुंब दुरावते. गावची जत्रा येते तेव्हा आईबाप फडात असतात. दोन शाळांमध्ये हेलकावे खाणारे मूल अभ्यासात मागे पडते आणि आपल्याहून लहान मुलांच्या वर्गात बसण्याची लाज मनाला लागते, ती वेगळीच.

सर्वांत मोठी उणीव वयाची आहे. न्यूझीलंडमधील व्यवस्था १३ व्या वर्षी सुरू होते. आपल्याकडे कायद्याचे संरक्षण १४ व्या वर्षी संपते. मुलीच्या आरोग्यास खरा धोका नेमका त्याच सुमारास उद्भवतो. वयात आलेल्या मुलीला गावी एकटी ठेवावी तर धास्ती, तळावर न्यावी तरी धास्ती. आणि लग्न लावून दिले की नवा 'कोयता' तयार होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) २० ते २४ वयोगटातील ज्या स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाले, त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के, तर बीड जिल्ह्यात सुमारे ४४ टक्के होते. पुढचा टप्पा याहून दारुण आहे. बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या शासकीय पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढलेली आढळली. लवकर लग्न, लवकर बाळंतपणे, पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहणे आणि खाडा झाल्यास कापला जाणारा पैसा, ही सारी या शस्त्रक्रियांमागील साखळी होय.

तात्पर्य, पर्यायी शिक्षणाचा हिशेब केवळ हजेरीपटावर मांडणे अपुरे आहे. विद्यार्थी पुरेसा झोपतो काय, मुलीला न्हाणीघर व आडोसा आहे काय, आजारी पडल्यास आईबापांना निरोप पोहोचतो काय, विश्वासाने मन मोकळे करावे असे एखादे वडीलधारे माणूस जवळ आहे काय, आणि चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर त्याची नोंद कोण ठेवतो, हे प्रश्नही त्याच पटावर आले पाहिजेत. यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज वसतिगृहांची संख्या वाढली तरी कोयत्यांची संख्या घटेल, असे मानता येत नाही.