तूस, राख आणि दाढ

भात भरडून आणलं की तांदूळ घरात जातो, कणी कोंबड्यांपुढे, कोंडा म्हशीच्या आंबोणात आणि तूस गिरणीच्या मागे. सरळगाव, धसई, किन्हवली, डोळखांब, शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही भातगिरणीच्या मागे गेलात तर तो पिवळट ढीग दिसेल. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. उकिरड्यात टाकलं तर लवकर कुजत नाही. वारा सुटला की डोळ्यांत जातं म्हणून शेजारी तेवढे ओरडतात. वीटभट्टीवाल्याचा ट्रक आला की गिरणीवाला सुटकेचा श्वास टाकतो.

याच तुसावर वनस्पतिशास्त्र, शेतीशास्त्र आणि पदार्थविज्ञान या तिन्ही शाखांतल्या माणसांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यातलं एक काम तर आपल्या कोकणातल्या भातखाचरासाठीच झालं. तरी तूस अजून गिरणीच्या मागेच आहे.

आधी हिशेब मांडू. शंभर किलो भातातून साधारण वीस किलो तूस निघतं. ते पूर्ण जाळलं तर चार किलोच्या आसपास राख उरते, आणि त्या राखेत शंभरात ८५ ते ९५ भाग सिलिका असते. सिलिका म्हणजे ज्या द्रव्याची वाळू बनलेली असते ते. तूस कुजत का नाही आणि गुरं खात का नाहीत, याचं उत्तर इथेच मिळतं. भाताच्या दाण्याने स्वतःभोवती वाळूचं चिलखत चढवलेलं असतं.

ही वाळू येते कुठून? खाचरातल्या पाण्यात सिलिसिक आम्ल विरघळलेलं असतं. भाताची मुळं ते नुसतं आत येऊ देत नाहीत, ओढून घेतात. २००६ साली जपानमधल्या ओकायामा विद्यापीठातल्या जियान फेंग मा यांच्या गटाने हे काम करणारं जनुक शोधून काढलं आणि ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. ‘एलएसआय-१’ हे त्याचं नाव. मुळांनी ओढलेलं आम्ल पाण्याबरोबर पानांपर्यंत आणि लोंबीपर्यंत चढतं, तिथे पाणी हवेत उडून जातं आणि सिलिका मागे राहते. पानाच्या सालीखाली तिचे सूक्ष्म, डंबेलच्या आकाराचे कण ओळीने बसतात. बेणणीच्या वेळी भाताच्या पातीवरून बोट टोकाकडून बुडख्याकडे फिरलं तर कापतं, त्या धारेत याच सिलिकेचा हात असतो.

पिकाला या चिलखताचा उपयोग काय, हेही तपासून झालं आहे. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत जामिन आणि पाठक या शास्त्रज्ञांनी १९६७ साली खोडकिड्यावर काम केलं. ज्या भातात सिलिका जास्त, त्यावर पोसलेल्या अळीचे जबडे झिजलेले दिसले. खोडकिडा म्हणजे काय ते आपल्याकडे सांगायला नको. फुटव्यांच्या वेळी आला तर गाभेमर, निसवताना आला तर पळींज, म्हणजे लोंबी दिसायला उभी आणि आत एक दाणा नाही. करपा रोगालाही सिलिका अडवते आणि ताठ पानाचं भात पावसाच्या माऱ्यात कमी लोळतं. जपानने हे ओळखून १९५५ पासूनच सिलिकेला खताचा दर्जा दिला. आपल्याकडे खत म्हटलं की आजही गोणीवर तीनच आकडे पाहिले जातात, नत्र, स्फुरद आणि पालाश.

आता भात जमिनीतून उचलतं किती ते पाहा. हेक्टरी पाच टनांचं पीक २३० ते ४७० किलो सिलिकॉन घेऊन जातं. कोकणात भाताला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे सिलिकॉन त्याच्या दुपटीहूनही जास्त. शिवाय जिथे पाऊस धो धो कोसळतो त्या मुलखातली जमीन वर्षानुवर्षं धुपून सिलिकेला मुकत जाते. भर म्हणून पेंढा जातो गुरांना नाहीतर तबेल्यांना, तूस जातं भट्टीला. खाचरात परत फारसं काही येत नाही.

जमिनीला राख देण्याची आपली जुनी रीत म्हणजे राब, इथे तिच्याकडे वळलं पाहिजे. शिमग्याच्या आगेमागे मुरबाडहून माळशेजकडे किंवा शहापूरहून डोळखांबकडे जाताना डोंगरउतारावर धुराच्या रेघा दिसतात, ते राब. दाढीच्या, म्हणजे भाताची रोपं तयार करायच्या, जागेवर आधी शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळाचे टहाळ, मग पातेरा आणि गवत, सगळ्यावर बारीक माती, आणि मग ते सावकाश धुमसत ठेवायचं. अशा भाजलेल्या दाढीत तण कमी उगवतं, रोप जोमदार येतं आणि उपटताना मुळासकट अलगद निघतं. हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

या राबाने सरकारला फार पूर्वीपासून पेचात टाकलं आहे. जंगल राखीव झाल्यावर टहाळ तोडणं गुन्हा ठरू लागलं, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष वाढला, आणि १८८५ साली ‘बॉम्बे फॉरेस्ट कमिशन’ नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्यात राबाच्या टहाळाचा प्रश्न ठळकपणे आहे. पुढे १९१२ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरल्ड मान यांनी ना. वि. जोशी आणि ना. वि. कानिटकर या दोन मराठी सहकाऱ्यांबरोबर पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर एक सविस्तर शास्त्रीय प्रबंध प्रसिद्ध केला. (हे तेच मान, ज्यांनी नंतर पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा घरोघरी फिरून अभ्यास केला.) राबाला अडाणीपणा म्हणून मोडीत काढण्याऐवजी तो का लागू पडतो, फायदा राखेचा की आचेचा, असा प्रश्न प्रयोगशाळेत नेणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आज आपल्याला कळतं की दोन्हींचा वाटा आहे. आचेने तणाचं बी मरतं आणि मातीतलं अडकलेलं नत्र मोकळं होतं. राखेतून पालाश मिळतो आणि थोडी सिलिकाही.

पण झाडं तेवढी राहिली नाहीत, आणि शेण-टहाळ वाहून आणायला घरात माणसं राहिली नाहीत. मग राबाचं काम दुसऱ्या कशाने होईल का?

या प्रश्नाला सगळ्यात चांगलं उत्तर दिलं डॉ. नारायण सावंत यांनी. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात असलेल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्राशी जोडलेले हे मृदाशास्त्रज्ञ. सिलिकॉन आणि भातशेती या विषयावर १९९७ साली त्यांनी स्नायडर आणि डॅटनॉफ यांच्यासह लिहिलेला आढावा आजही जगभर वाचला जातो. पण मला त्याहून मोठं वाटतं ते कोकणातल्या लहान शेतकऱ्यासाठी त्यांनी बसवलेलं ‘चारसूत्री’ भात लागवडीचं तंत्र. कृषी खात्याने ते कोकणात आणि बाहेरही गावोगाव दाखवलं.

पहिलं सूत्र तुसाचं. गादीवाफ्यावर दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळसर राख मातीत मिसळायची आणि मग बी पेरायचं. पेंढ्याचा काही भागही खाचरात गाडायचा. रोपाला लहानपणीच सिलिका मिळते, ते कणखर होतं, खोडकिड्याला तोंड देतं आणि उपटायला सोपं जातं. टहाळ तोडायला नको. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचं. बांधावर गिरिपुष्प लावायचं आणि चिखलणीच्या वेळी हेक्टरी तीन टनांच्या आसपास हिरवा पाला गाडायचा. तिसरं सूत्र नियंत्रित लावणीचं, चौथं ब्रिकेटचं, म्हणजे खताच्या दाबीव गोळीचं.

शेवटची दोन सूत्रं एकमेकांत गुंतलेली आहेत. सुतळीवर १५ सेंटिमीटर, मग २५, मग पुन्हा १५, अशा खुणा करायच्या. ती दोरी दोघींनी दोन बांधांवर ताणून धरायची आणि बाकीच्यांनी खुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लावायचा. आडव्या-उभ्या दोन्ही अंगांनी हेच माप पाळलं की चार चुडांचा एक लहान चौकोन तयार होतो आणि भोवती मोकळी पट्टी राहते. त्या चौकोनाच्या मधोमध, लावणीच्याच दिवशी, युरिया आणि डीएपी दाबून केलेली २.७ ग्रॅमची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात खुपसायची. प्रत्येक चौकोनाच्या वाट्याला ४० बाय ४० सेंटिमीटर जागा येते. म्हणजे हेक्टरी ६२,५०० चौकोन, तितक्याच गोळ्या, आणि वजन १७० किलोच्या जवळपास. कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहा, बरोबर जुळतं.

खोल का? वरून फेकलेल्या युरियातला बराच भाग पिकाला मिळतच नाही. काही अमोनिया होऊन हवेत जातो, काही नत्रवायू होऊन उडतो, आणि आषाढातल्या एका रात्रीच्या पावसात काही बांधावरून शेजाऱ्याच्या खाचरात. खालच्या चिखलात प्राणवायू नसतो. तिथे नत्र अमोनियमच्या रूपात मातीच्या कणांना धरून राहतं आणि मुळं ते शोधत येतात. बांगलादेशातल्या शेतकऱ्यांनी ‘गुटी युरिया’ म्हणून हीच रीत मोठ्या प्रमाणावर उचलली.

मग आपल्याकडे चारसूत्रीखाली सगळं खाचर का नाही? माझ्या मते कारण कंबरेत आहे. हेक्टरी साडेबासष्ट हजार वेळा वाकून गोळी खुपसायची, तीही आवणीच्या धबडग्यात, बाईमाणसाने, भर पावसात. शास्त्रज्ञाच्या हिशेबात नत्र वाचतं, पण आवणीला मजूरच मिळत नसेल तर दोरी धरणार कोण? शेजारच्या कर्जत तालुक्यात नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राईस तंत्र’ काढलं ते नेमकं इथे बोट ठेवून. त्यात कायमचे गादीवाफे असतात, नांगरणी नाही, चिखलणी नाही, आवणीही नाही. बी थेट टोकायचं आणि जुन्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. कष्ट खूपच वाचतात, पण तणनाशकावर बराच भार पडतो, आणि तिथे माझं मन थोडं अडतं. तरी तुसाच्या राखेचं सूत्र या सगळ्यांत सुटं आहे. त्याला दोरी लागत नाही, जादा मजूर लागत नाही.

तिसरी शाखा पदार्थविज्ञानाची. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात बर्कले इथे पी. कुमार मेहता यांनी तुसाच्या राखेपासून सिमेंटसारखा बांधक पदार्थ करता येतो हे दाखवून दिलं. कळीचा मुद्दा तापमानाचा. तूस सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या आत जाळलं तर सिलिका अस्ताव्यस्त रचनेची, सच्छिद्र राहते आणि चुन्याशी झटकन संयोग पावते. त्याहून फार तापली की तिचे स्फटिक बनतात आणि ती मख्ख होऊन बसते. २०१३ मध्ये दक्षिण कोरियाच्या संशोधकांनी तुसातल्या सिलिकेपासून सिलिकॉन मिळवून त्याचा लिथियम बॅटरीसाठी ऋणाग्र केला. विद्युतभारित होताना सिलिकॉन तिपटीहून जास्त फुगतो आणि तडकतो, पण तुसातली मुळची बारीक छिद्रं ती फुगवट सामावून घेतात. भाताच्या पातीनेही पदार्थशास्त्रज्ञांना खूप शिकवलं. कमळाच्या पानावर पाणी का टिकत नाही हे जर्मनीतल्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ साली उलगडलं. त्यानंतर २००२ साली बीजिंगमधल्या गटाने भाताची पात तपासली. तिच्यावरचा थेंब लांबीच्या दिशेने तीन ते पाच अंशांच्या कलावर घरंगळतो, आडव्या दिशेने मात्र नऊ ते पंधरा अंश लागतात, कारण पातीवरचे सूक्ष्म उंचवटे ओळीने मांडलेले असतात. थेंबाला दिशा देणारे पृष्ठभाग घडवताना त्यांचं अनुकरण केलं जातं.

सिमेंटवाल्यांची तापमानाची गोष्ट दाढीलाही लागू पडते. सिमेंटला जी राख चालते, रोपालाही तीच हवी असते, कारण अस्ताव्यस्त सिलिका पाण्यात जास्त विरघळते. म्हणून सावंतांनी काळसर राख म्हटलं. ढिगात मंद धुमसलेल्या तुसाची राख काळी-करडी असते. भट्टीत कित्येक दिवस तापलेली पांढरी-गुलाबी राख दाढीच्या फारशा कामाची नाही, आणि तिच्यात बरेचदा कोळशाची राखही मिसळलेली असते. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडची किती तरी कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि हेच तूस तिथे पेटवतात. त्यातल्या अनेकांना स्वतःची दाढ भाजायला गुंठाभर जमीनही नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

एक अडचण आहे ती लपवण्यात अर्थ नाही. हेक्टरी चार टन भात पिकलं तर तूस आठशे किलो आणि राख एकशे साठ किलो. एक हेक्टर लावणीला दहा गुंठ्यांची दाढ धरली तर अर्ध्या किलोच्या दरानेही पाचशे किलो राख लागते. घरच्या तुसात भागत नाही. ते भागवायचं तर गिरणीवरचं, सगळ्या गावाचं तूस धरावं लागेल, किंवा पहिल्या वर्षी दाढीच्या एका भागावरच थांबावं लागेल.

म्हणून शहापूर-मुरबाडच्या वाचकांना, आणि गावी शेती असलेल्या डोंबिवली-कल्याणच्या चाकरमान्यांना, एक विनंती. दिवाळीनंतर झोडणी होईल, गिरण्या सुरू होतील. गिरणीवाल्याकडे चार गोण्या तूस मागा, घरापासून आणि पेंढ्याच्या उडव्यापासून लांब, वारा पडलेला असताना ढीग धुमसवा, आणि राख पांढरी पडायच्या आत विझवून कोरड्या गोणीत भरून ठेवा. रोहिणीत पेरणी कराल तेव्हा एका वाफ्यात ती मिसळा आणि शेजारचा वाफा तसाच सोडा. रोपं उपटताना दोन्हींची मूठ कृषी खात्याच्या माणसाला दाखवा.