मर्क्युरिअल : आळसातून आलेला वेग

2005च्या एप्रिलमध्ये लिनक्स कर्नलच्या मंडळींची बिटकीपर या व्हर्जन कंट्रोल प्रणालीची (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाची) फुकट सोय बंद झाली आणि त्याच महिन्यात अशाच दोन नव्या प्रणाली जन्माला आल्या. लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट सी भाषेत लिहिलं. ऑलिव्हिया मॅकॉल यांनी मर्क्युरिअलसाठी मुख्यतः पायथन निवडली. पायथनमधला कोड वाचायला सोपा, पण धावायला जड.

मर्क्युरिअलचं घोडं अडायचं ते इंडेक्सपाशी. इतिहासातल्या प्रत्येक आवृत्तीची तिथे 64 बाइटांची नोंद असते : मजकूर कुठे आहे, किती लांब आहे, पालक आवृत्त्या कोणत्या आणि 20 बाइटांची ओळखखूण. दहा लाख कमिट (नोंदवलेले बदल) असतील तर इंडेक्स 6.4 कोटी बाइटांचा. एवढी फाइल वाचणं डिस्कला अवघड नाही. पण एकेका नोंदीसाठी पायथनचे ऑब्जेक्ट घडवत बसलं, की फक्त शेवटचा कमिट विचारणाऱ्यालाही साऱ्या इतिहासाची किंमत मोजावी लागते.

यावर दोन उपाय होऊन गेले होते. पायथनमधला आळशी वाचक लागेल तेवढंच वाचायचा, पण संथपणे. सीमधला वाचक चपळ, पण सगळं एकदम उलगडून ठेवणारा. 2012मध्ये ब्रायन ओ'सुलिव्हन यांनी दोघांचे गुण एकत्र आणले. नवा सी कोड इंडेक्स कच्च्या बाइटांच्या रूपातच राहू देतो आणि मागितलेल्या नोंदीपुरताच ऑब्जेक्ट बनवतो. मागणी तसा पुरवठा.

खरी गंमत ओळखखुणेवरून नोंद शोधण्यात आहे. त्यासाठी सोळा फांद्यांचं झाड असतं. खुणेतल्या दर हेक्स (सोळा-आधारी) अंकाला एक पायरी उतरायची. हे झाडही आधीपासून उभं नसतं. खूण झाडात सापडली नाही, तर कोड इंडेक्सच्या शेवटाकडून मागे चालत जातो, कारण विचारणा बहुधा ताज्या कमिटचीच असते. पहिल्या चार वेळा सापडलेली नोंद तेवढी झाडावर चढते. त्यानंतर मात्र काम मोठं आहे असं धरून वाटेत भेटलेली प्रत्येक नोंद चढवली जाते. छोट्याशा आज्ञेला झाडाचा भार नको आणि इतिहास दाखवणाऱ्या लांबलचक लॉगला तेच बाइट पुन्हा चाळायला नकोत, यासाठी ही तडजोड.

या आळसाचा खर्च कोड सांभाळणाऱ्यांवर पडतो. सीमध्ये मेमरीचा हिशेब हाताने ठेवावा लागतो. तो चुकला, तर पायथनसारखा नीट एरर येईलच असं नाही, अख्खा प्रोग्रॅमच कोसळू शकतो. शिवाय सी नसेल तिथे मर्क्युरिअलचं काम चालावं म्हणून याच कोडची शुद्ध पायथनमधली आवृत्तीही ठेवावी लागते आणि दोघींचं उत्तर एकच यावं लागतं. पुढे मर्क्युरिअलमध्ये रस्ट या भाषेचा शिरकाव झाला, तो वेगासाठी आणि मेमरीची ही जोखीम कमी करण्यासाठीही.