इंजिनचे काम झाले आणि बॅटरी उतरू लागली

गाडीचे हेड उतरवले, गॅस्केट बदलले, कधी रिंग-पिस्टनही टाकले. भरपूर पैसे गेले. गाडी घरी आली, दोन दिवस छान चालली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली तर नुसते 'टक टक'. शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावून ती सुरू केली, तरी दोन दिवसांनी पुन्हा तेच. अशा वेळी घरात बहुधा दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, "मिस्त्रीने काहीतरी अदलाबदल केली." दुसरी, "बॅटरी गेली, नवी आणा." दोन्ही खऱ्या असू शकतात. पण तपासल्याशिवाय बोललो तर पहिलीने एका कारागिराची इज्जत जाते आणि दुसरीने आपले चार-पाच हजार रुपये.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये श्रद्धावंतांना पुष्कळशा संशयांपासून दूर राहण्याची आणि आलेल्या बातमीची आधी खातरजमा करण्याची शिकवण आहे. गाडीच्या बाबतीत ही खातरजमा एका साध्या मल्टिमीटरने होते. घरातल्या मोठ्या मुलामुलींनाही ती शिकता येते. ज्या घरात वृद्ध आई-वडील आहेत, रात्री-अपरात्री दवाखान्यात धावावे लागते, तिथे हे शिकून घेतलेले बरे.

आधी दोन आकडे

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर मीटर धरावा. सुमारे 12.6 व्होल्ट दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. 12.4 म्हणजे साधारण पाऊण भरलेली. 12 किंवा त्याखाली म्हणजे ती जवळजवळ उतरलेली.

मग गाडी सुरू करून पुन्हा मोजावे. चालू इंजिनवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्यांत हा आकडा थोडा वर-खाली होतो. पण चालू गाडीतही काटा 12 च्या आसपासच राहिला, तर बॅटरी उतरत नसून ती भरतच नाही. इंजिनच्या कामानंतर हे नेहमी घडते, कारण काम करताना अल्टरनेटरचा पट्टा, त्याच्या मागचा प्लग आणि जाड वायरीचा नट काढावा लागतो. पट्टा सैल राहिला किंवा प्लग नीट बसला नाही की चार्जिंग थांबते. असे असेल तर काम पाच मिनिटांचे आहे.

बॅटरीचीही बाजू पाहावी. गाडी दोन-तीन आठवडे गॅरेजमध्ये उघडी पडलेली असते. काम संपल्यावर ती सुरू होईपर्यंत बराच वेळ सेल्फ मारला जातो. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत राहिलेल्या बॅटरीच्या शिशाच्या प्लेटांवर थर धरतो आणि तिची ताकद कमी होते. शिवाय नव्या रिंगांचे इंजिन सुरुवातीला घट्ट असते, सेल्फला जास्त जोर लागतो. म्हणून आधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून दुकानात तिची लोड टेस्ट करून घ्यावी. तिथे ती नापास झाली तरच नवीन घ्यावी.

करंट कुठे जातो?

बॅटरी चांगली आहे, चार्जिंगही होते, तरी उभ्या गाडीत ती उतरते. म्हणजे किल्ली काढल्यावरही कुठेतरी करंट वाहतो आहे. घड्याळ, अलार्म आणि गाडीच्या कॉम्प्युटरची मेमरी यांसाठी थोडा करंट लागतोच. तो साधारण 20 ते 50 मिलीअँपिअर असतो. 35 अँपिअर-अवरची बॅटरी 30 मिलीअँपिअरने रिकामी व्हायला दीड महिन्याहून जास्त वेळ लागेल. पण तोच करंट अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला 12 अँपिअर-अवर जातात. म्हणजे दोन दिवसांत गाडी उचलणार नाही.

मोजण्याची रीत अशी. हातातल्या अंगठ्या, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवावे. सगळे दिवे, रेडिओ, चार्जर बंद करून किल्ली गाडीपासून दूर ठेवावी. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवावी. मीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घालून मीटर निगेटिव्ह टर्मिनल आणि सुटलेली केबल यांच्या मधोमध लावावा. दार उघडे ठेवायचे असेल तर त्याचे लॅच स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बंद केल्यासारखे करावे, नाहीतर आतला दिवाच मोजला जाईल. मग अर्धा-पाऊण तास थांबावे. नव्या गाड्यांचे कॉम्प्युटर लगेच 'झोपत' नाहीत. घाईने पाहिलेला आकडा फसवतो.

मीटर लावलेला असताना किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच मारायचा नाही. काम झाल्यावर लाल वायर पुन्हा व्होल्टच्या भोकात घालावी. ती 10 अँपिअरमध्येच राहिली आणि तसाच मीटर बॅटरीवर धरला, तर थेट शॉर्ट होईल. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना यातले काहीही घरी करू नये.

आकडा जास्त आला तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजला आकडा एकदम खाली येतो, त्या लाइनवर दोष आहे. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, जीपीएस, कॅमेरा, चिकटून बसलेला रिले, न विझणारा डिकीतला दिवा, असे काही निघते. यांतल्या बऱ्याच गोष्टींचा इंजिनच्या कामाशी काहीच संबंध नसतो.

फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर

आमच्या घरच्या गाडीत हेच झाले. हेड गॅस्केटच्या कामानंतर ती तिसऱ्या दिवशी बंद पडली. मीटरवर जवळपास अर्धा अँपिअर दिसत होता आणि सगळे फ्यूज काढून पाहिले तरी तो हलला नाही. अल्टरनेटर आणि सेल्फ यांच्या जाड वायरी बॅटरीतून जवळजवळ थेट येतात, घरातल्या छोट्या फ्यूजमधून जात नाहीत. ऑटो इलेक्ट्रिशियनने बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढली, तिचे टोक टेपने गुंडाळले आणि पुन्हा मोजले. आकडा 30 मिलीअँपिअरवर आला. अल्टरनेटरमधला एक डायोड गेलेला होता. डायोडचे काम करंट एकाच दिशेने जाऊ देणे. तो गेला की उभ्या गाडीत बॅटरीचा करंट उलटा अल्टरनेटरमध्ये जात राहतो.

डायोड कशाने गेला? वयाने जातो, काम करताना अल्टरनेटरवर कूलंट सांडले तरी जाऊ शकतो, बॅटरी क्षणभर उलटी जोडली गेली तरी जातो. नुसते पाहून ते सांगता येत नाही. मिस्त्रींसमोर आकडे ठेवले, आवाज चढवला नाही. भाग आमच्या पैशांनी आला, काढण्या-बसवण्याची मजुरी त्यांनी घेतली नाही. सुलह झाली आणि संबंधही टिकले.

आणखी एक जागा पाहायला हवी, ती म्हणजे इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी. ती परत लावायची राहिली, किंवा गंजावर नाहीतर रंगावर कसली, तर भरलेली बॅटरीही उतरल्यासारखी वागते. सेल्फ मारताना इंजिनचा धातू आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा जास्त फरक दिसला, तर ती पट्टी साफ करून कसावी.

देणाऱ्याने आणि करणाऱ्याने

सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना कडक इशारा आहे. सैल पट्टा लावून पूर्ण मजुरी घेणे हेही मापात कमी देणेच. आमचे अनेक बांधव गॅरेज चालवतात. त्यांनी गाडी देण्यापूर्वी चार्जिंगचा आकडा ग्राहकाला दाखवला तर अर्धे वाद मिटतील. दुसरीकडे, मजुराची मजुरी वेळेत देण्याची ताकीद प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. नुसत्या संशयावरून पैसे अडवून ठेवणे हा ग्राहकाचा जुलूम आहे.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, असे सूरह बकरामध्ये सांगितले आहे. गाडीच्या कामालाही हीच सवय लावावी. गाडी देताना बॅटरीचा नंबर, उभ्या आणि चालू गाडीतले व्होल्ट आणि बाहेरून बसवलेल्या वस्तू एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. गाडी परत घेताना तेच आकडे पुन्हा मोजावेत. फरक दिसला तर तो तिथेच दोघांसमोर दिसेल.