टॅपेट कव्हर गळतंय? आधी पाना खाली ठेवा!

सभासद बंधूंनो, ऐन गळीत हंगामात ट्रॅक्टर उभा राहिला की तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि तोटा आपल्याच पदरी पडतो. म्हणून टॅपेट कव्हरच्या कडेने झिरपणारे ऑईल आम्ही किरकोळ मानत नाही. तेच तापलेल्या सायलेन्सरवर ठिबकले आणि जवळ पाचट असले, तर आगीला आवतणच!

गळती दिसली की आपण बोल्ट आवळतो. घात होतो तो इथेच. कव्हर ओतीव अॅल्युमिनियमचे आणि हेड बिडाचे असेल, तर तापल्यावर कव्हर हेडच्या जवळजवळ दुप्पट फुगते. बोल्ट फाजील आवळलेला असला की त्याला सरकायला जागा उरत नाही. भोकाशी तडा जातो, गॅस्केटही चेपते.

मग करावे काय? इंजिन गार होऊ द्यावे. पहिल्यांदा ब्रीदर पाहावा. तो तुंबला की आतला दाब ऑईल बाहेर ढकलतो. जुने गॅस्केट लाकडी पट्टीने खरवडावे, छिन्नीने नव्हे. सरळ पट्टी धरून कडेचा वाक तपासावा. नवे गॅस्केट घालून बोल्ट मधून कडेकडे, दोन-तीन फेऱ्यांत, कंपनीच्या पुस्तकातल्या मापानेच आवळावेत. सिलिकॉन जादा थापू नये. त्याचे तुकडे ऑईलच्या जाळीत अडकतात.

तडा गेलाच, तर लांबी फासून हंगाम रेटू नका. तेलकटपणा पुरता काढून आर्गन वेल्डिंग करावे, नाहीतर कव्हर बदलावे. गॅस्केटचा खर्च सोसतो; जाम झालेले इंजिन सोसत नाही.