पाडव्याची हिरोइन!

दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या रस्त्यावर भाव खाऊन जाणारी म्हैस रेडकू असतानाच ओळखता येते? बऱ्यापैकी येते. फक्त बघायचं कुठे, हे माहीत हवं!

इंग्लंडमध्ये हॅमस्टरचे शो भरतात. हो, तोच तो पिंजऱ्यातल्या चाकावर धावणारा, मुठीत मावणारा गोंडस प्राणी. त्याची परीक्षा चक्क १०० मार्कांची असते. रंगाला ३०, बांध्याला २५, फरला २०, आकाराला १०, तब्येतीला १० आणि डोळे-कानांना ५. साहजिकच पिल्लं थोडी मोठी झाली रे झाली की, 'यातलं शोला न्यायचं कुठलं?' हा तिथल्या ब्रीडर मंडळींच्या डोक्यात पहिला प्रश्न.

हसू नका. आपल्या कोल्हापुरातही हेच चालतं. फक्त इथली स्पर्धक मुठीत मावत नाही. तिचं वजन चारशे किलोच्या घरात असतं आणि शिंगं थेट खांद्याच्या मागे जातात. नाव पंढरपुरी म्हैस.

बलिप्रतिपदेला कोल्हापुरात असाल, तर शनिवार पेठ, सागरमाळ नाहीतर कसबा बावड्यात चक्कर टाकाच. अंगावरचे केस भादरून काळ्याभोर केलेल्या म्हशी, रंगवलेली शिंगं, त्यावर मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा. मालक बाइकवर पुढे आणि गर्दीतून त्याच्या मागे धावणारी म्हैस! काही जणी तर मालकाच्या इशाऱ्यावर पुढचे पाय उचलून दाखवतात. हैदराबादेत दिवाळीत 'सदर' भरतो, तिथे हिरो असतो रेडा. कोल्हापुरात मात्र सगळं फुटेज हिरोइनला.

ही हिरोइन आकाशातून पडत नाही. कुणीतरी तीन-चार वर्षांपूर्वी गोठ्यातल्या एका केसाळ, धडपडणाऱ्या रेडकाकडे बघून ठरवलेलं असतं, 'ही ठेवायची.'

साडेतीन वर्षांची गुंतवणूक

तावडे हॉटेलच्या चौकातून आत वळलं की उचगाव. एकीकडे पुणे-बेंगळुरू हायवे, दुसरीकडे गांधीनगरची कापडाची होलसेल बाजारपेठ. जवळच शिरोली आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी. शेताचे प्लॉट आणि प्लॉटचे बंगले होत गेलेल्या अशा गावात गोठ्याला जागा मोजकीच उरते. वैरण विकत घ्यायची, तर प्रत्येक पेंढीचा हिशेब आला.

पंढरपुरी रेडी पहिल्यांदा व्यायला साधारण साडेतीन वर्षं लागतात. तोवर दूध शून्य, खाणं मात्र रोजचं. ऑफिसच्या भाषेत सांगायचं, तर साडेतीन वर्षांची एसआयपी आणि मध्ये पैसे काढायची सोय नाही. गोठ्यात दोन रेडींची जागा असेल आणि जन्मल्या चार, तर दोघींना निरोप द्यावा लागतो. म्हणून हा नुसता हौसेचा मामला नाही. पाडव्याचा दिवस वर्षातून एकदा. बाकीचे ३६४ दिवस म्हशीनं डेअरीत दूध घालून आपला खर्च काढायचा असतो. १९६३ साली सुरू झालेल्या 'गोकुळ' दूध संघाच्या या जिल्ह्यात फॅट आणि भाव हे शब्द पोराटोरांनाही पाठ असतात.

आधी आईला भेटा

लग्न ठरवताना मुलीआधी तिच्या आईकडे बघावं, असं जुनी माणसं म्हणायची. माणसांच्या बाबतीत हा फंडा कधीच आउटडेटेड झालाय, म्हशींच्या बाबतीत मात्र अजून सॉलिड चालतो. रेडकू जन्मल्यावर त्याच्यात दिसण्यासारखं फार काही नसतं. पण समोर आई उभी असते. तिची कास बघा. चारही सड सारखे आणि अंतर राखून आहेत का? धार काढून झाल्यावर कास मऊ पडते का? धारेला ती शांत उभी राहते की लाथा झाडते? आधीच्या वेतांत दूध किती दिलं?

अर्धी कुंडली बापाची. इथे बापापेक्षा बापाच्या आईचं दूध विचारायचं असतं, कारण रेडा स्वतः दूध देत नाही! कृत्रिम रेतन केलं असेल, तर वळूची माहिती मिळू शकते. गावच्या रेड्याकडे नेलं असेल, तर चौकशी आपणच करायची.

शिंगं बोलतात

पंढरपुरीची ओळख म्हणजे तलवारीसारखी लांब, मागे वळलेली शिंगं. अस्सल म्हशीत ती खांद्यापलीकडे जातात. मुऱ्हा म्हशीची शिंगं जिलेबीसारखी घट्ट वळलेली, जाफराबादीची जड आणि खाली झुकलेली. त्यामुळे रेडीची शिंगं वर्षा-दीड वर्षात आखूड राहून आत वळायला लागली, तर मुऱ्ह्याचा संकर आहे का, अशी शंका घ्यायला हरकत नाही. दुधासाठी ती झकास निघेल, पण पाडव्याच्या मिरवणुकीत पंढरपुरी म्हणून मिरवणार नाही.

अगदी लहान रेडकाला मात्र शिंगंच नसतात. तेव्हा चेहरा बघायचा. पंढरपुरीचा चेहरा लांबट, कपाळ अरुंद आणि नाकाचं हाड सरळ, उठून दिसणारं. मग बांधा. पाठ लांब आणि सरळ, छाती खोल, पाय खुरांपर्यंत सरळ. त्याला मोकळं सोडा आणि मागून चालताना बघा. मागचे गुडघे एकमेकांना घासत असतील, तर पुढे गर्दीत पळवायची स्वप्नं बघू नका.

कोटावर जाऊ नका

नवखे फसतात ते इथे. पाडव्याची म्हैस काळी कुळकुळीत दिसते, म्हणून रेडकूही तसंच हवं असं वाटतं. पण रेडकाच्या अंगावर दाट, भुरकट केस असतात आणि ते वयाप्रमाणे विरळ होतात. त्यावरून मोठेपणीचा रंग ठरवण्यात अर्थ नाही.

दुसरी गल्लत याहून महाग. पोट सुटलेलं, केस राठ, डोळे निस्तेज असं रेडकू बघून 'जातीतच दम नाही' म्हणून ते काढून टाकलं जातं. बऱ्याचदा भानगड असते जंतांची. म्हशीच्या पिल्लांना काही जंत थेट आईच्या दुधातून मिळतात. त्यामुळे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच डॉक्टरांच्या सल्ल्यानं जंताचं औषध द्यावं लागतं. वेळेवर औषध मिळालं, की तेच रेडकू ओळखू येत नाही!

तसंच चिकाचं. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत पोटभर चीक मिळाला, तर रेडकाला रोगांशी लढायची ताकद मिळते. आपण ज्याचा खरवस चापतो, तो हाच चीक. म्हणून गोठ्यात गेलात, तर हे रेडकू वाईट आहे की वाईट वाढवलंय, हा प्रश्न आधी विचारा. हॅमस्टरच्या शोमध्येही बांध्याचे मार्क वेगळे आणि तब्येतीचे वेगळे असतात, ते उगाच नाही. तब्येत सुधारता येते, बांधा नाही.

गर्दीत डोकं थंड

गंगावेशीतला किंवा मिरजकर तिकटीचा दूध कट्टा आठवा. रस्त्याच्या कडेला म्हैस उभी, समोर ग्लास घेऊन गिऱ्हाईक आणि तिथेच काढलेलं फेसाळ धारोष्ण दूध. आजूबाजूला रिक्षांचे हॉर्न चालू असतात आणि बाईसाहेब निवांत रवंथ करत पान्हा सोडतात! कुठेही, कुणाहीसमोर शांतपणे दूध देण्याबद्दल पंढरपुरी प्रसिद्ध आहे. हाच थंडपणा तिला पाडव्याची स्टार बनवतो.

तो थोडा रक्तात असतो, बाकी रोजच्या सवयीनं येतो. गोठ्यात शिरलात की रेडकू काय करतं ते बघा. दचकून कोपऱ्यात जातं, की दोन मिनिटं घेऊन हळूच नाक पुढे करतं? दुसरं पसंत करा. मग त्याला नावानं हाक मारायची, रोज अंग चोळायचं, दाव्यानं फिरवायचं, आवाजाची सवय हळूहळू लावायची. तीन वर्षं हे केलेली म्हैस मालकाच्या मागे धावते, ती त्याच्यावरच्या भरवशानं.

आणि हेच बघायला शिका. सायलेन्सर काढलेल्या बाइकच्या आवाजात पळणाऱ्या सगळ्याच म्हशी खुश नसतात. मान ताठ वर, डोळ्यांतलं पांढरं दिसतंय, शेपूट आवळलेलं, तर ती घाबरलीय. कान सैल, मान सहज, नजर मालकावर, तर ती आपल्या माणसासोबत निघालीय. रील दोघींचाही व्हायरल होतो, पण जाणकाराची शिट्टी दुसरीलाच मिळते.

येत्या पाडव्याला शिंगांवरची मोरपिसं बघून झाली की जरा कानांकडे बघा. गोठ्यातली साडेतीन वर्षं तिथे दिसतात.

बॉक्स : रेडकू बघायला जाताय?

– आधी आई बघा. जमलं तर धारेच्या वेळीच जा.
– बापाच्या आईचं दूध विचारा.
– चेहरा लांबट, कपाळ अरुंद, पाठ सरळ. शिंगं फुटली असतील, तर ती मागे वळतायत ना?
– मोकळं सोडून मागून चाल बघा.
– चार सड मोजा. सारखे आणि अंतरावर हवेत.
– चीक कधी पाजला, जंताचं औषध कधी दिलं, ते विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर सावध!
– मोठी रेडी घेताना दात बघा. दुधाचे दात पडून पहिली कायमची जोडी साधारण अडीच वर्षांनी येते. वय सांगणारा चुकेल, दात चुकत नाहीत.
– शेवटी गप्प उभे राहा आणि रेडकू जवळ येतं का बघा. निवड त्यालाही करू द्या!