आलबेल म्हणायचे कोणी?

'सारे काही आलबेल आहे' असे आपण सहज म्हणून जातो. हा शब्द मूळचा पहारेकऱ्याचा. इंग्रजी छावणीतला रात्रीचा पहारेकरी ठरावीक वेळाने 'ऑल वेल' अशी आरोळी देई. ती मराठी कानांवर पडून तिची 'आलबेल' झाली. या आरोळीला दोन अर्थ होते. एक उघड : चौकीवर सगळे ठीक आहे. दुसरा न बोललेला : आरोळी देणारा जागा आहे. म्हणून आरोळी ऐकू आली नाही, तर तीही एक बातमीच असे.

आजच्या बँका, रुग्णालये, महाविद्यालये ज्या संगणकांवर चालतात, त्यांच्यातही असा पहारेकरी बसवलेला असतो. त्याला 'मॉनिटरिंग एजंट' म्हणतात. हा एक छोटासा प्रोग्रॅम. प्रोसेसर किती कामात आहे, मेमरी किती उरली, डिस्क किती भरली, हे तो मोजतो आणि मध्यवर्ती सर्व्हरला कळवतो. तो बसवायला दहा मिनिटे पुरतात, आणि तिथेच फसगत होते. कारण आज बहुतेक एजंट खऱ्या यंत्रात नव्हे, तर आभासी यंत्रात बसतात. तिथे पहारा देणे ही वेगळीच गोष्ट आहे. ती मला एका चुकीमुळे कळली. त्या चुकीकडे येण्याआधी थोडी पार्श्वभूमी हवी.

एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे

एका मोठ्या वाड्यात दहा बिऱ्हाडे राहतात अशी कल्पना करा. प्रत्येकाचा दरवाजा, चूल, नळ वेगळा. पण गच्चीवरची पाण्याची टाकी एकच. आभासी यंत्राची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची, रचना अशीच असते. खरा संगणक एक. त्यावर 'हायपरव्हायजर' नावाचा कारभारी. तो एका यंत्राची साधने वाटून देऊन अनेक यंत्रे उभी करतो. प्रत्येक आभासी यंत्राला वाटते, आपण स्वतंत्र संगणक आहोत.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ साली आपल्या मोठ्या संगणकांसाठी 'व्हीएम/३७०' ही प्रणाली जाहीर केली, आणि तिच्यामागे १९६०च्या दशकातले प्रयोग होते. साध्या, स्वस्त संगणकांवर हे तंत्र रुजवण्याचे मोठे श्रेय १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीकडे जाते. पुढे २००७ मध्ये 'केव्हीएम' हा हायपरव्हायजर थेट लिनक्सच्या गाभ्यात आला आणि हे तंत्र कोणालाही फुकट वापरता येऊ लागले.

मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे साल १९७४. त्या वर्षी जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी एका निबंधात चांगल्या हायपरव्हायजरची तीन लक्षणे सांगितली. पहिले, आत चालणाऱ्या प्रोग्रॅमला आपण खऱ्या यंत्रावरच आहोत असे वाटावे. दुसरे, बहुतेक काम खऱ्या प्रोसेसरवर थेट, वेगाने व्हावे. तिसरे, साधनांवरचा ताबा पूर्णपणे कारभाऱ्याकडे असावा.

पहिले आणि तिसरे लक्षण एकत्र वाचा. आत राहणाऱ्याच्या हाती खरा ताबा नाही, आणि तो नाही हे त्याला कळूही नये! ही व्यवस्थेतली त्रुटी नव्हे. व्यवस्थेची व्याख्याच तशी आहे. मग आत बसवलेल्या पहारेकऱ्याने काय सांगायचे? त्याला जे दाखवले जाते तेच तो सांगणार.

आतून न दिसणाऱ्या तीन गोष्टी

पहिली गोष्ट प्रोसेसरची. समजा, आठ प्रोसेसर असलेल्या संगणकावर मिळून वीस आभासी प्रोसेसर वाटून दिले आहेत. सगळे एकदम कामाला लागले, की काहींना रांगेत थांबावे लागते. त्या वेळात आभासी यंत्र अक्षरशः गोठलेले असते, आणि गोठलेल्याला आपण गोठलो हे कळत नाही. केव्हीएम आणि झेन यांच्यावरचे लिनक्स या हिरावलेल्या वेळेची नोंद 'स्टील टाइम' या नावाने ठेवते. म्हणून एजंटला तो आकडाही मोजायला सांगावा. व्हीएमवेअरमध्ये मात्र हीच गोष्ट बाहेरून, कारभाऱ्याकडे विचारावी लागते. तिथे तिचे नाव 'रेडी टाइम'. ही मोजणी वीस सेकंदांच्या टप्प्यांनी होते. एका प्रोसेसरच्या यंत्रासाठी आकडा २००० मिलिसेकंद आला, तर अर्थ असा की वीस सेकंदांपैकी दोन सेकंद, म्हणजे दहा टक्के वेळ, यंत्र काम करायला तयार असूनही नुसते थांबले होते. यंत्राला चार प्रोसेसर दिलेले असतील आणि आकडा सर्वांचा मिळून असेल, तर त्याला चाराने भागायचे. हे न केल्याने अनेकजण विनाकारण घाबरतात.

दुसरी गोष्ट मेमरीची. कारभाऱ्याला मेमरी कमी पडली, तर तो बिऱ्हाडाकडून ती परत कशी मागतो? व्हीएमवेअरच्या कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ साली मांडलेली 'फुग्या'ची युक्ती प्रसिद्ध आहे. आभासी यंत्रात एक छोटा प्रोग्रॅम असतो. कारभाऱ्याने इशारा केला, की तो फुग्यासारखा फुगतो, म्हणजे मेमरी अडवून बसतो. आतल्या यंत्राला वाटते, आपल्याच घरातल्या कोणी ती वापरली. ते बिचारे आपले सामान डिस्कवर हलवू लागते आणि मंदावते. एजंट सांगतो, 'मेमरी भरली.' आपण त्या यंत्रात तासन्तास दोष शोधत बसतो. दोष शेजारच्या बिऱ्हाडात असतो.

तिसरी गोष्ट डिस्कची, आणि ही सर्वांत धोक्याची. एक हजार गिगाबाइटची साठवण आहे. तिच्यावर दहा आभासी यंत्रे, आणि प्रत्येकाला दोनशे गिगाबाइटचे आश्वासन. आश्वासने दोन हजारांची, माल एक हजाराचा. लागेल तशी जागा देण्याच्या या पद्धतीला 'थिन प्रोव्हिजनिंग' म्हणतात. आता प्रत्येक यंत्राने शंभर गिगाबाइट वापरले. दहाही एजंट एकमुखाने सांगतील, 'अर्धी डिस्क रिकामी आहे. आलबेल!' आणि त्याच क्षणी खरी साठवण काठोकाठ भरलेली असेल. पुढची नोंद लिहायला गेलेले यंत्र जागच्या जागी थांबेल. दहाजणांपैकी कोणीही खोटे बोललेले नसते. टाकीत डोकावायला कोणी गच्चीवर गेले नाही, एवढेच.

म्हणून पहिला नियम : आभासी यंत्रांवर पहारा दोन ठिकाणी हवा, एक बिऱ्हाडात आणि एक गच्चीवर. झॅबिक्स या मुक्त प्रणालीचे उदाहरण घेऊ. लाटव्हियातील अलेक्सेई व्लादिशेव्ह यांनी सुरू केलेली ही प्रणाली २००१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. तिचा एजंट प्रत्येक आभासी यंत्रात बसतो. व्हीएमवेअरच्या कारभाऱ्याकडून मात्र झॅबिक्सचा सर्व्हर स्वतः परस्पर माहिती घेतो. ही सोय मुळात बंद असते. सर्व्हरच्या सेटिंग्जमध्ये व्हीएमवेअरची माहिती गोळा करणाऱ्या प्रक्रियांची संख्या शून्य असते. ती निदान एक करावी लागते. हे शून्य बदलायचे राहून गेले, की गच्चीवर कोणीच जात नाही.

विचारणारा आणि सांगणारा

एजंट दोन रीतींनी काम करतो. पहिल्या रीतीत सर्व्हर फेरी मारतो. तो प्रत्येक यंत्राच्या पत्त्यावर, १००५० क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन विचारतो आणि एजंट उत्तर देतो. विचारणाऱ्याचा पत्ता एजंटच्या फाइलमध्ये लिहिलेला असेल, तरच उत्तर मिळते. दुसऱ्या रीतीत एजंट स्वतःहून सर्व्हरच्या १००५१ क्रमांकाच्या पोर्टवर जातो, 'मी अमुक, मी काय काय मोजू?' असे विचारतो, यादी घेतो आणि आकडे पाठवत राहतो.

दुसरी रीत सोयीची. यंत्र फायरवॉलच्या आड असले तरी चालते, आणि सर्व्हरवरचा भारही कमी होतो. पण फरक नीट पाहा. पहिल्या रीतीत ओळख पत्त्यावरून पटते; दुसरीत एजंट जे नाव सांगेल त्यावरून. हे नाव एजंटच्या फाइलमध्ये 'होस्टनेम' या ओळीत असते. पहारेकऱ्याने अंधारातून ओरडून सांगितलेल्या नावावर विश्वास ठेवण्यासारखे हे आहे.

माझी चूक

एका पतसंस्थेचे संगणक मी सांभाळत असे. एका खऱ्या संगणकावर चार आभासी यंत्रे होती. त्यांतले एक रोज रात्री हिशेबाची बॅकअप प्रत घेई. एकदा नव्या सॉफ्टवेअरची चाचणी करायची होती, म्हणून मी या बॅकअप यंत्राची हुबेहूब नक्कल काढली. नकलेचा नेटवर्कवरचा पत्ता बदलला, कारण दोन यंत्रांचा पत्ता एक असेल तर लगेच गोंधळ होतो. रात्रीचे बॅकअपचे काम तिच्यात बंद केले. एजंटच्या फाइलमधले नाव बदलायचे राहिले. त्याने काहीच गोंधळ झाला नाही, आणि हेच वाईट झाले.

पुढे एकदा वीज गेली. खरा संगणक बंद होऊन परत सुरू झाला. आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत नक्कल होती. मूळ बॅकअप यंत्र नव्हते. ते बंदच राहिले. चाचणीचे यंत्र मात्र दर मिनिटाला सर्व्हरला सांगत होते : 'मी बॅकअप. मी जागा आहे.' पाच मिनिटे आवाज आला नाही तर घंटा वाजावी, अशी सोय मी केलेली होती. ती चोख होती; पण आवाज येतच होता, तो दुसऱ्याचा. पडद्यावर हिरवा दिवा एकोणीस दिवस जळत राहिला.

विसाव्या दिवशी हिशेबाच्या यंत्राची फाइल बिघडली, तेव्हा उलगडा झाला. एकोणीस दिवसांच्या नोंदी कागदी व्हाउचरांवरून आणि पिग्मी एजंटांच्या वह्यांवरून पुन्हा भराव्या लागल्या. कर्मचारी आठवडाभर रात्री उशिरापर्यंत बसले. त्यांच्यात फळांची गाडी लावणाऱ्या, रोज वीस-तीस रुपये भरणाऱ्या माणसांचे आकडे होते. मला कोणी फारसे बोलले नाही. बोलले असते तर बरे वाटले असते.

त्यानंतर मी काय करतो

नक्कल काढण्यासाठी चालते यंत्र वापरत नाही. त्यासाठी वेगळा साचा ठेवतो. त्या साच्यात एजंट असतो, पण नावाची ओळ कोरी. ओळ नसली, की एजंट यंत्राचे स्वतःचे नाव घेतो; म्हणून नव्या यंत्राला जन्मतःच नवे नाव देण्याची पायरी मी चुकवत नाही. झॅबिक्सच्या नमुना फाइलमध्ये 'झॅबिक्स सर्व्हर' हे नाव आधीच भरलेले असते, ते आठवणीने काढावे लागते. सांकेतिक संपर्कासाठीच्या किल्ल्याही साच्यात ठेवत नाही, नाहीतर नकलेबरोबर किल्लीचीही नक्कल होते.

महत्त्वाच्या यंत्रांना दोन्ही रीती लावतो. एजंट स्वतःहून सांगतोच. शिवाय सर्व्हरही पत्त्यावर जाऊन विचारतो. माझ्या वेळी ही फेरी असती, तर बंद दरवाजा पहिल्याच रात्री कळला असता.

तिसरी गोष्ट, यंत्रापेक्षा कामावर पहारा ठेवतो. शेवटची बॅकअप फाइल किती वेळापूर्वी बदलली, हे एजंटला विचारता येते. ती तीस तासांहून जुनी झाली की घंटा वाजते. प्रोसेसर निवांत असणे ही नेहमीच चांगली बातमी नसते. काम बंद पडलेले यंत्रही निवांतच असते.

आणि पाहणारा सर्व्हर त्याच वाड्यात ठेवत नाही. खरा संगणक कोसळला, तर त्यावरची सगळी आभासी यंत्रे आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा सर्व्हर एकदमच आडवे होतात. मग कोणतीच घंटा वाजत नाही, आणि शांततेला आपण आलबेल समजतो.

शेवटची सवय सर्वांत साधी आहे. दर महिन्याला एकेक यंत्र मी मुद्दाम बंद करतो आणि घड्याळाकडे बघत बसतो. घंटा वाजली, तर पहारा खरा. पतसंस्थेतले लोक आता हसतात. म्हणतात, 'सर पुन्हा मशीन पाडायला आले.' मीही हसतो. पण घंटा वाजेपर्यंतची ती पाच मिनिटे मला अजून लांब वाटतात.